रिमोट कोणाच्या हातात?

मागच्या रविवारी सकाळी नुकते पोहे समोर आले होते आणि सांगलीहून अण्णाकाकांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा नाहीत, एकदम मुद्द्यावर.

"अरे, तू कॉम्प्युटरवाला. मला एक सांग, हे डोक्यात यंत्र बसवतात ते सेफ असतं का?"

आता मी बँकांची सॉफ्टवेअर लिहितो. पण आपल्याकडे एकदा का पोरगा "कॉम्प्युटरवाला" ठरला की प्रिंटरपासून मेंदूपर्यंत सगळं त्याच्याच खात्यात येतं :) काकांना पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली. गोळ्यांचा परिणाम आताशा दोन-अडीच तास टिकतो. आयुष्यभर फळ्यावर एका झटक्यात गोल वर्तुळ काढणारे गणिताचे मास्तर, पण हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि तरी बशीत सांडतो. डॉक्टरांनी डीबीएस सुचवलंय. म्हणजे मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, गळ्याजवळच्या हाडाखाली बॅटरीचा डबा, आणि मानेतून कातडीखालून गेलेली वायर.

मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारपर्यंत वाचून सांगतो."

ऑपरेशनचे धोके डॉक्टर सांगतीलच, तो माझा प्रांत नाही. पण वाचायला लागलो आणि भलत्याच दिशेला गेलो. गेल्या सत्तर वर्षांत कोणी कोणाच्या डोक्यात काय बसवलं, आणि मुख्य म्हणजे बटण कोणाच्या हातात होतं, हा इतिहास फार कमी जणांना माहीत असेल. मला तरी नव्हता. शनिवार-रविवार त्यातच गेला. तर हा लेख म्हणजे काकांनी दिलेला गृहपाठ समजा.

सुरुवात एका बैलापासून.

१९६३ साल, स्पेनमधलं कोर्दोबा. बैलांच्या झुंजीसाठी असतं तसं एक छोटं रिंगण. आत होसे देल्गादो नावाचा, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात काम करणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ उभा आहे. अंगावर शर्ट-स्वेटर, हातात रेडिओ ट्रान्समीटर. समोरून झुंजीसाठी वाढवलेला बैल शिंगं खाली करून धावत येतो. देल्गादो बटण दाबतो. बैल काही पावलांवर थबकतो आणि तोंड फिरवून बाजूला निघून जातो. बैलाच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते. मे १९६५ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली आणि जगभर खळबळ उडाली.

देल्गादोंनी या यंत्राला "स्टिमोसीव्हर" असं नाव दिलं होतं. मेंदूला झटका देणारं आणि मेंदूतले सिग्नल बाहेर पाठवणारं, असं दोन्ही काम करणारं, तेही बिनतारी. साठच्या दशकात! इंजिनिअर म्हणून टोपी काढावीशी वाटते.

पण इथे एक मेख आहे. देल्गादोंचं म्हणणं होतं की बैलाचा राग शमला. इलियट व्हॅलेन्स्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या दाव्याची चिरफाड केली. त्याचं म्हणणं असं की झटक्यामुळे बैलाचं शरीर एका बाजूला वळत होतं, त्यामुळे तो पुढे धावूच शकत नव्हता. राग गेला की पाय वळले, हे बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट बरोबर आलं म्हणून आतलं लॉजिक बरोबर असेलच असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला बैलापेक्षा माकडांची गोष्ट जास्त भिडली. देल्गादोंनी माकडांच्या एका टोळक्यातल्या दादाच्या, त्याचं नाव अली, मेंदूत इलेक्ट्रोड बसवले. आणि त्याचा राग थांबवणारी कळ पिंजऱ्याच्या भिंतीवर सगळ्यांच्या हाताला येईल अशी लावून ठेवली. एल्सा नावाच्या माकडिणीला थोड्याच दिवसांत समजलं, की अली अंगावर यायला लागला की कळ दाबायची. ती कळ दाबायची आणि थेट त्याच्या डोळ्यात बघायची. एरवी दुबळ्या माकडाची अशी हिंमत होत नाही. देल्गादोंना यात हुकूमशाहीवरचा उपाय दिसला. मला प्रश्न पडला की कळ अलीच्या हाताला लागली असती तर? आणि इलेक्ट्रोड एल्साच्या डोक्यात असते तर?

तिसरा प्रयोग १९७०च्या सुमाराचा, पॅडी नावाच्या चिंपांझीवरचा. यात माणूस बाजूला झाला आणि बटण कॉम्प्युटरकडे गेलं. पॅडीच्या मेंदूतल्या एका भागातून (त्याला अमिग्डला म्हणतात) ठरावीक आकाराच्या लहरी आल्या की शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर त्या ओळखायचा आणि लगेच मेंदूच्या दुसऱ्या भागात त्रासदायक झटका पाठवायचा. दोन तासांत त्या लहरी निम्म्यावर आल्या, सहा दिवसांत जवळजवळ बंद. मेंदू शिकला. पण पॅडी मंद झाला. कशातच लक्ष नाही, खाण्यातही फारसा रस नाही. प्रयोग थांबवल्यावर काही दिवसांनी पूर्ववत झाला.

कॉम्प्युटरने मेंदूचं ऐकायचं, स्वतः ठरवायचं, आणि मेंदूला उत्तर द्यायचं. आज ज्याला आपण एआय आणि ब्रेन इम्प्लांटची जोडगोळी म्हणतो तिचा सांगाडा पन्नास वर्षांपूर्वी एका चिंपांझीच्या डोक्यात होता. कॉम्प्युटरने दिलेलं काम चोख केलं. लहरी कमी करायच्या होत्या, केल्या. चिंपांझीचं काय होतंय हे मोजायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

देल्गादोंचं १९६९चं पुस्तक आहे, त्याच्या उपशीर्षकातच "मानसिकदृष्ट्या सुसंस्कृत समाजाकडे" अशा अर्थाचे शब्द आहेत. माणूस वाईट नसावा. तंत्रज्ञानाने माणसाचा हिंसकपणा कमी होईल यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण "सुसंस्कृत" कोणाला म्हणायचं हे कोण ठरवणार?

याचं उत्तर त्याच काळात दोन ठिकाणी मिळालं, आणि दोन्ही वाचून झोप उडते.

पहिलं न्यू ऑर्लिन्सचं टुलेन विद्यापीठ. रॉबर्ट हीथ हे तिथले मानसोपचार विभागाचे प्रमुख. १९५० पासून ते मनोरुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवत होते. १९७२ मध्ये त्यांनी एका २४ वर्षांच्या समलिंगी तरुणावरचा प्रयोग छापला. मेंदूतल्या सुखाच्या जागेला झटके देऊन त्याची आवड "बदलण्याचा" तो प्रयोग होता. नोंदीत त्याला नाव नाही, नुसतं बी-१९. त्याच्या हातात बटण दिल्यावर त्याने तीन तासांच्या सत्रात ते १५०० वेळापर्यंत दाबलं, आणि काढून घेताना तो नको नको म्हणत होता. बटण त्याच्या हातात होतं हे खरं. पण काय "बरं" करायचं हे दुसऱ्यानेच ठरवलं होतं. आणि समलिंगी असणं हा रोग आहे हे मत अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सोडून दिलं. म्हणजे एक वर्षात रोगाची व्याख्या बदलली. बी-१९च्या डोक्यातून झटके मात्र जाऊन आलेले होते.

दुसरं ठिकाण बॉस्टन. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटला दंगल झाली, ४३ माणसं मेली. त्यानंतर व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक एर्विन या तीन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. मतितार्थ असा, की गरिबी आणि बेकारी सगळ्यांनाच आहे पण दंगल थोडेच जण करतात, तर त्या थोड्यांच्या मेंदूत काही बिघाड आहे का ते शोधा. वरवर तर्कशुद्ध. पण वंशभेदाला वैतागून रस्त्यावर आलेल्या वस्तीचं दुखणं एका फटक्यात माणसाच्या कवटीत ढकललं गेलं. मार्क आणि एर्विन यांनी १९७०च्या पुस्तकात हिंसक रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून केलेल्या उपचारांबद्दल लिहिलं. मायकेल क्रायटनची "द टर्मिनल मॅन" ही १९७२ची कादंबरी याच विषयावर आहे. ज्युरासिक पार्कवाला क्रायटन, आणि तो स्वतः हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेला.

त्याच साली टस्कीगीचं प्रकरण बाहेर आलं. कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसवरचे उपचार न देता चाळीस वर्षं नुसतं बघत बसले होते. लोक भडकले. १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी कायदा झाला, आयोग बसला, आणि १९७९च्या बेलमाँट अहवालात तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: माणसाचा आदर, त्याचं भलं, आणि न्याय. आज आपण दवाखान्यात संमतीपत्रावर न वाचता सही ठोकतो ना, त्या कागदाची तत्त्वं घडवण्यात या अहवालाचा मोठा हात आहे. देल्गादो १९७४ मध्ये स्पेनला परतले.

असो. आता काकांच्या यंत्राकडे.

१९८७, फ्रान्समधलं ग्रनोब्ल. आलिम-लुई बेनाबीद हे सर्जन थरथरीवर त्या काळची शस्त्रक्रिया करत होते. म्हणजे मेंदूतली एक बारीक जागा जाळून टाकायची. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला तिथे विजेचे हलके झटके देऊन बघत. झटक्यांचा वेग सेकंदाला शंभराच्या आसपास नेला आणि थरथर थांबली! बंद केलं, परत सुरू झाली. बेनाबीद यांच्या डोक्यात आलं की मग जाळायचं कशाला? तार तिथेच ठेवू. जाळलेलं परत येत नाही, तार बंद करता येते, काढताही येते. अमेरिकेत थरथरीसाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनसाठी २००२ मध्ये याला मंजुरी मिळाली. आज जगात एक लाखाहून जास्त लोकांच्या डोक्यात हे यंत्र आहे. रोग मुळातून जात नाही, पण कप धरता येतो.

बैलाच्या रिंगणातून निघालेली वाट इथे बऱ्यापैकी सरळ झालेली दिसते. रुग्ण स्वतःहून येतो, त्याचा त्रास त्याचा तो सांगतो, आणि बंद करायची सोय आहे. मला वाटलं गृहपाठ संपला.

पण नाही. पुढचं वाचून मात्र मला माझीच लाज वाटली.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एका जुन्या प्रॉडक्टचा सपोर्ट बंद करायचं ठरलं. ग्राहकांना जायची मेल मीच ड्राफ्ट केली. "अमुक तारखेनंतर नवीन अपडेट मिळणार नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दहा मिनिटांचं काम, मग चहाला गेलो. ज्यांचं काम त्यावर चालत होतं त्यांचं काय झालं, खरं सांगतो, मी परत विचारलं नाही.

आता हे ऐका. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट नावाच्या कंपनीने आर्गस-२ नावाचा कृत्रिम डोळा बनवला. डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड, चष्म्यात कॅमेरा, कमरेला छोटा कॉम्प्युटर. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी. किंमत साधारण दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेच्या वर अंध लोकांनी बसवून घेतला. करड्या ठिपक्यांसारखं दिसायचं, पण दार कुठे आहे, रस्त्याची कडा कुठे आहे ते कळायचं. २०१९ मध्ये कंपनीने हे मॉडेल बंद केलं, कारण त्यांना थेट मेंदूत बसवायच्या नव्या यंत्राकडे वळायचं होतं. मार्च २०२० मध्ये पैसे संपत आले आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. २०२२ मध्ये आयईईई स्पेक्ट्रम मासिकाने हे सगळं उजेडात आणलं. बऱ्याच रुग्णांना कंपनीकडून धड कळवलंही गेलं नव्हतं. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. काहींना एमआरआय काढायचा तर यंत्राची माहिती द्यायला पलीकडे कोणी नाही. माझ्या ग्राहकांनी निदान दुसरं सॉफ्टवेअर घेतलं असेल. डोळ्यातलं यंत्र अनइन्स्टॉल कसं करणार?

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. न्यूरोव्हिस्टा नावाच्या कंपनीने फिटस् येणाऱ्या १५ लोकांवर चाचणी केली. मेंदूवर इलेक्ट्रोड, आणि हातातल्या यंत्रावर दिवे. लाल म्हणजे फिट येण्याची शक्यता जास्त, निळा म्हणजे निर्धास्त राहा. प्रत्येकाच्या मेंदूच्या लहरींवरून प्रोग्राम शिकलेला होता. म्हणजे आजच्या भाषेत एआयच. एका बाईंना तर इतका फरक पडला की त्या पहिल्यांदा बिनधास्त घराबाहेर पडायला लागल्या. यंत्र म्हणजे आपलाच भाग झालाय असं त्यांना वाटायचं. मग कंपनीचे पैसे संपले. यंत्र काढून टाकायला सांगितलं. नवरा-बायकोने घर गहाण टाकून ते विकत घ्यायची तयारी दाखवली. नाही मिळालं. शेवटी काढावंच लागलं. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या प्रकरणावर लेख लिहून सरळ विचारलं, की माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या डोक्यातलं यंत्र काढणं हा मानवी हक्कांचा भंग नाही का?

देल्गादोंच्या काळात भीती होती की कोणीतरी आपल्या मेंदूत जबरदस्तीने काहीतरी घालेल. आता भीती उलटी आहे, की दिलेलं कोणीतरी काढून घेईल किंवा वाऱ्यावर सोडून देईल. बटण दाबणारा खलनायक राहिलाच नाही. तोट्याचा ताळेबंद आहे, आणि मेल ड्राफ्ट करणारा माझ्यासारखा कोणीतरी आहे.

सुरक्षेचं म्हणाल तर २००८ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयात बसवायच्या डिफिब्रिलेटरची सेटिंग रेडिओवरून बाहेरच्याला बदलता येतात हे दाखवून दिलं. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राचा वायरलेस भाग डॉक्टरांनी २००७ मध्येच बंद करून टाकला होता. २०१७ मध्ये अमेरिकेत ४,६५,००० पेसमेकरना सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यायची वेळ आली. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायला घाबरतो, इथे तर सर्व्हर म्हणजे कोणाचं तरी हृदय.

आणि आता एआय. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने पहिल्या माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं. ६४ बारीक धागे, १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत बहुतेक धागे जागेवरून सरकले आणि कर्सर नीट चालेना. पुन्हा ऑपरेशन केलं नाही, सिग्नल वाचायचं सॉफ्टवेअर बदललं, आणि कामगिरी आधीपेक्षाही सुधारली. कमाल आहे, नाही म्हणत नाही. पण याचा अर्थ असाही की डोक्यातलं यंत्र तेच राहून त्याचं "वागणं" बाहेरून कधीही बदलू शकतं. संमतीपत्रावर सही नक्की कुठल्या व्हर्जनसाठी केली होती?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी, एएलएसमुळे बोलणं गेलेल्या एका माणसाला २५६ इलेक्ट्रोडच्या मदतीने परत बोलतं केलं. जवळजवळ ९७ टक्के शब्द बरोबर, आणि आवाज आजारापूर्वीच्या त्याच्या आवाजासारखा. मी तो व्हिडिओ बघून खरंच रडलो. पण डोळे पुसल्यावर इंजिनिअर जागा झाला. मेंदूतून येतात ते अर्धवट उच्चार. त्यातून वाक्य जुळवताना भाषेचं मॉडेल मदत करतं, म्हणजे "इथे बहुतेक हा शब्द असेल" असा अंदाज. ९७ टक्के ठीक. पण उरलेले ३ टक्के मृत्युपत्र सांगताना आले तर? तो माणूस बोलला की मॉडेल बोललं? बैलाचा राग गेला की पाय वळले, तोच प्रश्न. म्हणूनच त्या यंत्रात वाक्य पडद्यावर आल्यावर बरोबर की चूक ते तो माणूस स्वतः सांगू शकतो, ही सोय मला ९७ टक्क्यांपेक्षा मोठी वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आणखी पुढची गोष्ट छापली. ओठही न हलवता मनातल्या मनात म्हटलेले शब्द काही प्रमाणात वाचता येतात. त्याच लेखात त्यांनी कुलूपही दिलं, मनात एक ठरलेला शब्दसमूह म्हटला तरच वाचन सुरू होणार. मनाला पासवर्ड! ही माणसं देल्गादोंपासून काहीतरी शिकली असं म्हणायला हवं. कायदाही हळूहळू मागून येतोय. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला ग्राहकाची मेंदूची माहिती पुसून टाकायला लावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने या विषयावर शिफारशी मंजूर केल्या.

काल संध्याकाळी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, तुमचं यंत्र जुनं आणि पारखलेलं आहे. मन वाचणाऱ्यातलं नाही. पण डॉक्टरांना विचारायला पाच प्रश्न काढलेत, लिहून घ्या."

१. बॅटरी किती वर्षं चालेल, आणि ती बदलायचा खर्च किती?
२. सेटिंग कोण बदलणार? सांगलीत जमेल की दर वेळी पुण्या-मुंबईला यावं लागेल?
३. हे मॉडेल कंपनीने बंद केलं तर सुटे भाग आणि सर्व्हिस किती वर्षं मिळेल? लेखी द्याल का?
४. पुढे एमआरआय काढावा लागला तर चालेल का?
५. स्वभावात काही फरक पडला, म्हणजे उगाच चिडचिड किंवा नको तितका उत्साह, तर कोणाला सांगायचं? (हा काकूंना पाठ करायला सांगितला. स्वतःला ते कळेलच असं नाही.)

काकांनी सगळं सावकाश लिहून घेतलं. पलीकडून पेन कागदावर थरथरल्याचा आवाज येत होता. मग बैलाची गोष्ट सांगितली, एल्साचीही. काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "यंत्राबरोबर रिमोट पण मिळतो म्हणे. तो माझ्याकडेच राहील ना? तुझ्या काकूच्या हाताला लागायला नको."

मागून काकू काहीतरी म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही :)

काका बुधवारी डॉक्टरांना भेटणार आहेत. आणि उद्या ऑफिसात गेल्यावर ती दोन वर्षांपूर्वीची मेल शोधणार आहे. किती जणांना पाठवली होती, त्यांचं पुढे काय झालं, निदान विचारायला तरी हवं.